शेत मोजणारा क्रांतिकारक

गिनी-बिसाऊ या चिमुकल्या आफ्रिकी देशाची शेती, समाज आणि अर्थव्यवस्था यांचा तळापासून अभ्यास करून स्वातंत्र्यलढा उभारणारे आमिल्कार काब्राल यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

भारतातील काजू कारखान्यांत फुटणारी प्रत्येक बी इथल्याच मातीतली असते असे नाही. आपल्या कारखान्यांची भूक भागवण्यासाठी दरवर्षी मोठ्या प्रमाणावर कच्ची काजू बी पश्चिम आफ्रिकेतून जहाजाने येते आणि तिच्यातला एक मोठा वाटा गिनी-बिसाऊ नावाच्या देशाचा असतो. ब्राझीलचा काजू पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि आपल्या आफ्रिकी वसाहतींतही नेला. एकाच सत्तेखाली राहिलेल्या दोन किनाऱ्यांना जोडणारे हे झाड आहे. गोव्यात काजूला नारळाची, भाताची, मासळीची आणि पुढे पर्यटनाची जोड मिळाली. गिनी-बिसाऊत मात्र देशाच्या निर्यात उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आज या एकाच बीवर अवलंबून आहे. काजूचा भाव पडला की देश आजारी पडतो.

याच देशात सत्तर वर्षांपूर्वी एक तरुण कृषितज्ज्ञ गावोगाव फिरून शेतांची मोजदाद करत होता. एकाच नगदी पिकाच्या आहारी गेलेली शेती माती खाते आणि माणूसही खाते, हे त्याने आकडेवारीसह मांडले होते. तेव्हा ते पीक काजू नव्हते, भुईमूग होते. त्या तरुणाचे नाव आमिल्कार काब्राल. जगाला ते ठाऊक आहेत ते पोर्तुगीज साम्राज्याला हादरवणारे क्रांतिकारक म्हणून. पण त्यांच्या क्रांतीची सुरुवात बंदुकीने झाली नव्हती. ती झाली वही, पेन्सिल आणि मोजपट्टीने.

काब्राल यांचा जन्म १२ सप्टेंबर १९२४ रोजी तत्कालीन पोर्तुगीज गिनीतील बाफाटा या गावी झाला. वडील जुवेनाल काब्राल शाळामास्तर होते. आईचे नाव इवा पिन्येल एव्होरा. दोघेही मूळचे केप व्हर्दे या अटलांटिक महासागरातील द्वीपसमूहाचे. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण काब्राल यांच्या आयुष्याचे आणि मरणाचेही धागे या दोन भूमींच्या संबंधात गुंतलेले आहेत. केप व्हर्दे ही बेटे पंधराव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा निर्मनुष्य होती. तिथे युरोपीय वसाहतवाले आणि मुख्य भूमीवरून पकडून आणलेले गुलाम यांच्यातून एक मिश्र समाज घडला. पोर्तुगीजांनी या समाजाला शिक्षणाची थोडी वाट मोकळी ठेवली आणि पुढे त्यातल्याच शिकलेल्यांना गिनीत कारकून, मास्तर आणि लहानमोठे अंमलदार म्हणून पाठवले. गिनीतल्या शेतकऱ्याला दिसणारा सरकारी माणूस बहुधा गोरा नसे; तो केप व्हर्देचा असे. त्यातून जी अढी बसली, ती स्वातंत्र्यलढ्यातही पुरती निघाली नाही.

आमिल्कार आठेक वर्षांचे असताना कुटुंब केप व्हर्देला परतले. प्राथमिक शिक्षण प्राया येथे आणि माध्यमिक शिक्षण साव व्हिसेंते बेटावरील मिंदेलू येथे झाले. आई शिवणकाम करून आणि मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबून घर चालवत असे. मुलगा हुशार होता, कविता करायचा, फुटबॉलवर जीव टाकायचा. पण याच वर्षांत त्याने डोळ्यांदेखत दुष्काळ पाहिला. १९४० च्या दशकात केप व्हर्देत दोनदा भीषण दुष्काळ पडला आणि हजारो माणसे अन्नान्न करत मेली. समुद्राच्या मधोमध वसलेल्या, युरोपीय सत्तेच्या ताब्यातील बेटांवर धान्य पोहोचत नाही आणि बाहेरच्या जगाला त्याची खबरही नसते, याचा जो धक्का त्या कोवळ्या मनाला बसला, त्यातूनच त्यांनी शेतीशास्त्राची वाट धरली असावी.

१९४५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि काब्राल लिस्बनच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले. पदवीसाठी त्यांनी पोर्तुगालच्याच आलेंतेजू प्रांतातील मातीच्या धुपीचा अभ्यास केला. मोठ्या जमीनदारांचा, भूमिहीन मजुरांचा तो कोरडवाहू प्रदेश. मातीची धूप हा केवळ पावसाचा आणि उताराचा प्रश्न नसून जमीन कोणाच्या हाती आहे आणि ती कशासाठी कसली जाते याचाही प्रश्न आहे, ही दृष्टी त्यांना तिथे आली. वसाहतवादी देशातला गरीब शेतकरीही नागवलेलाच आहे, हे त्यांनी तिथेच पाहिले. पुढे लढाईच्या धुमश्चक्रीतही आपले शत्रुत्व पोर्तुगीज जनतेशी नसून तिथल्या हुकूमशाहीशी आहे, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही.

लिस्बनमध्ये त्यांना समविचारी सोबती भेटले. पुढे अंगोलाचे पहिले अध्यक्ष झालेले आगोस्तिन्यू नेतो, लेखक-विचारवंत मारिउ दे आंद्रादे हे त्यांतले. साम्राज्याच्या राजधानीत शिकणारी ही मुले आपल्याच भूमीविषयी आपल्याला काही शिकवले गेले नाही, या जाणिवेने अस्वस्थ होती. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी एक आफ्रिकी अभ्यास केंद्र सुरू केले. सहाध्यायी मारिया एलेना रॉद्रिगेस या पोर्तुगीज तरुणीशी काब्राल यांनी विवाह केला. त्याही कृषितज्ज्ञच होत्या.

१९५२ मध्ये काब्राल सरकारी कृषितज्ज्ञ म्हणून गिनीत परतले आणि बिसाऊजवळच्या पेसुबे येथील प्रायोगिक शेतीकेंद्राची जबाबदारी त्यांच्याकडे आली. याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने आखलेल्या कार्यक्रमानुसार पोर्तुगालला आपल्या वसाहतीत शेतगणना करणे भाग होते. हे किचकट काम काब्राल यांच्यावर सोपवले गेले. वसाहतीच्या कारभाऱ्यांना एक अहवाल हवा होता. काब्राल यांना मात्र एक देश सापडला.

१९५३ मध्ये झालेल्या या गणनेसाठी त्यांनी सुमारे साठ हजार किलोमीटरचा प्रवास केला, असे सांगितले जाते. नमुना पद्धतीने निवडलेल्या २,२४८ शेतकऱ्यांकडून माहिती गोळा झाली. कोणते पीक किती जमिनीवर आहे, घरात माणसे किती, गुरे किती, बियाणे कुठून येते, पडीक जमीन किती वर्षे ठेवतात, असे साधे प्रश्न. पण हे प्रश्न विचारायला ज्या गावांत याआधी करवसुलीचा शिपाईच काय तो जात असे, तिथे एक शिकलेला आफ्रिकी माणूस जाऊन पडवीत बसत होता, उत्तरे ऐकत होता. या गणनेचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गिनीच्या शेतीचे पहिले शास्त्रीय चित्र म्हणून आजही तो मानला जातो.

हे चित्र कसे होते? देशाचे क्षेत्रफळ सुमारे छत्तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा काहीसे मोठे. लोकसंख्या १९५० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास. एवढ्याशा भूमीवर वीसहून अधिक जनसमूह, प्रत्येकाची भाषा वेगळी, दैवते वेगळी आणि शेतीची रीतही वेगळी. किनाऱ्याजवळ राहणारे बालांता लोक खारफुटीची दलदल हटवून, मातीचे बांध घालून, खाऱ्या पाण्याला अडवून भात पिकवत. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाजण शेतीची ज्यांना माहिती आहे, त्यांना या कामातले कष्ट आणि कौशल्य वेगळे सांगायला नको. भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने वरंबे उचलायचे आणि बांध फुटला तर साऱ्या गावाने धावायचे. पूर्वेकडच्या उंचवट्यावर मुस्लिम फुला आणि मांडिंगा समाज होते. ते ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्ये घेत, गुरे पाळत, आणि भुईमूग लावत.

भुईमुगाचे प्रकरण निराळे होते. ते खाण्यासाठी नव्हे, तर कर भरण्यासाठी लावावे लागे. झोपडीवर रोखीने कर, तो चुकला तर सक्तीची मजुरी. रोख पैसा मिळवायचा तर व्यापाऱ्याला हवे तेच पीक काढायचे. व्यापार जवळपास एकवटला होता तो पोर्तुगालच्या एका बलाढ्य उद्योगसमूहाशी जोडलेल्या कासा गुव्हेया या पेढीच्या हाती. शेंगांचा खरेदी भाव तीच ठरवी आणि कापड, मीठ, साबण यांचा विक्री भावही तिच्याच हाती. भुईमुगासाठी जंगल तोडून जाळायचे, दोन-चार वर्षांत माती निःसत्त्व झाली की पुढचा तुकडा तोडायचा, आणि लागवड वाढत गेली तशी जमिनीला विश्रांती मिळण्याची वर्षे कमी करत जायची, हे चक्र सुरू होते. काब्राल यांनी कृषितज्ज्ञ म्हणून या एकपिकी शेतीवर कोरडे ओढले. अन्नधान्याच्या पिकांना प्राधान्य, पिकांत विविधता आणि मातीचे जतन हा त्यांचा आग्रह होता. वसाहतीच्या चौकटीत तो मान्य होणे अर्थातच शक्य नव्हते.

या अभ्यासातून त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली आणि पुढच्या राजकारणात ती निर्णायक ठरली. गिनीत गोऱ्या मळेवाल्यांची वस्ती जवळजवळ नव्हती. जमीन शेतकऱ्यांच्या गावाचीच होती. त्यामुळे जमिनीसाठी लढा ही हाक इथे लागू पडणार नव्हती. शोषण होत होते ते भावातून आणि करातून, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटेने. ज्याची जमीन हिसकावली जाते त्याला शत्रू दिसतो. ज्याचा माल मातीमोल भावाने जातो त्याला तो दिसेलच असे नाही. इतर देशांतील क्रांत्यांची पुस्तके जशीच्या तशी इथे लावता येणार नाहीत, हे काब्राल यांना राजकारणात पडण्याआधीच उमगले होते.

समाजाचे थरही त्यांनी असेच तपासले. बालांतांमध्ये राजा नव्हता, सरदार नव्हता. गावचे वडीलधारे मिळून निर्णय घेत. फुला समाजात प्रमुख, त्याचे मानकरी, कारागीर, फिरते व्यापारी आणि सर्वांत खाली शेतकरी अशी उतरंड होती आणि पोर्तुगीजांनी या प्रमुखांना हाताशी धरले होते. फुला स्त्रीला मालमत्तेत फारसा हक्क नव्हता, बालांता स्त्रीकडे स्वतःच्या कष्टाचे उत्पन्न राही. शहरांत मूठभर अधिकारी आणि कारकून, गोदीतले हमाल, दुकानांतले नोकर, आणि खेड्यातून येऊन नातेवाइकांकडे राहिलेली बेकार तरुण मुले. या शेवटच्या गटाकडे काब्राल यांनी विशेष लक्ष दिले. गोऱ्याचे जगणे आणि आपले जगणे यांची रोज तुलना करणारी ही मुलेच पुढे चळवळीचे कार्यकर्ते झाली.

कायद्याने तर हा समाज उघडच दुभंगलेला होता. पोर्तुगीज भाषा, राहणी, उत्पन्न अशा अटी पूर्ण करणाऱ्यालाच नागरिकत्व मिळे. बाकी सारे निव्वळ देशी प्रजा. गिनीतल्या कृष्णवर्णीयांपैकी एक टक्कासुद्धा लोक या अटीत बसत नव्हते. काब्राल यांनी बिसाऊत आफ्रिकी तरुणांसाठी क्रीडा मंडळ काढायचा प्रयत्न केला, तेव्हा सभासद नागरिक नाहीत या कारणाने सरकारने त्याला परवानगी दिली नाही. संशयाची नजर वळली आणि १९५५ मध्ये काब्राल यांना गिनी सोडावी लागली. पुढची काही वर्षे त्यांनी अंगोलातील मळ्यांत आणि पोर्तुगालमध्ये कृषितज्ज्ञ म्हणून काम केले. आईला भेटण्यासाठी अधूनमधून बिसाऊला येण्याची मुभा होती. अशाच एका भेटीत, १९ सप्टेंबर १९५६ रोजी, सहा जणांनी मिळून गिनी आणि केप व्हर्देच्या स्वातंत्र्यासाठी एका गुप्त पक्षाची स्थापना केली, असे पक्षाचा इतिहास सांगतो. पुढे हा पक्ष पीएआयजीसी या आद्याक्षरांनी ओळखला गेला. काब्राल यांचे सावत्र भाऊ लुईस काब्राल हेही त्यात होते; ते कासा गुव्हेयातच हिशेबनीस होते.

सुरुवातीचा भर शहरातील कामगारांवर होता. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती गोदीत पगारवाढीसाठी संप झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि सुमारे पन्नास माणसे मारली गेली. या रक्तपाताने काब्राल यांना एक कटू धडा शिकवला. शहर सत्तेच्या मुठीत होते. देश मात्र खेड्यात होता. पुढच्याच महिन्यात पक्षाने खेड्यांकडे वळण्याचा निर्णय घेतला. १९६० मध्ये काब्राल यांनी शेजारच्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गिनी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, कोनाक्री येथे तळ हलवला.

इथेच गोव्याचा धागा पुन्हा येतो. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. अंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्दे यांच्याबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही त्या मेळ्यात होते. गोव्यात जन्मलेले पत्रकार आणि विचारवंत आकिनू दे ब्रागांसा हे या वर्तुळातले एक महत्त्वाचे नाव. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत कोसळू शकते हे आफ्रिकेतल्या लढवय्यांनी पाहिले. पण त्यांच्या पाठीशी भारतासारखा देश आणि त्याचे सैन्य नव्हते. त्यांना लढाई स्वतःच लढायची होती.

कोनाक्रीत काब्राल यांनी आधी सैन्य उभारले नाही, शाळा उभारली. शहरातून आलेल्या तरुणांना तिथे आपल्याच देशाचा भूगोल, जनसमूहांच्या चालीरीती, पिकांचे भाव शिकवले जात. गावात शिरल्यावर वडीलधाऱ्यांशी कसे बोलायचे, याची नाटकासारखी तालीम होई. कोणी मोठ्या शब्दांत साम्राज्यवादावर बोलू लागला तर त्याला थांबवले जाई. गेल्या वर्षी भुईमुगाला काय भाव मिळाला, कर किती भरला, मुलगा सक्तीच्या कामावर का गेला, इथून बोलायला सुरुवात करायची. शेतगणनेच्या वेळचे प्रश्न आता राजकारणाचे प्रश्न झाले होते. गिनीत बंडखोरांना आश्रय द्यायला डोंगर नव्हते. सारा सपाट, खाड्यांनी चिरलेला मुलूख. लपायला जागा होती ती माणसांत. त्यामुळे माणसे आधी जोडली जाणे ही केवळ तत्त्वाची बाब नव्हती. तिच्याशिवाय एक दिवसही निभावले नसते.

जानेवारी १९६३ मध्ये दक्षिणेतील तिते येथील लष्करी ठाण्यावर हल्ला करून सशस्त्र लढा सुरू झाला. वर्षभरात दक्षिणेचा मोठा भाग बंडखोरांच्या ताब्यात आला. पण विजयाबरोबर विकृतीही आल्या. काही स्थानिक सेनापती स्वतःच राजे बनले, लोकांवर जुलूम करू लागले. फेब्रुवारी १९६४ मध्ये कासाका येथे पक्षाची परिषद झाली. शेजारच्या कोमू बेटावर लढाई चालू असताना भरलेल्या या परिषदेत काब्राल यांनी आपल्याच माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. दोषींना कठोर शिक्षा झाल्या, काहींना मृत्युदंडही दिला गेला. सैन्याला पक्षाच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले. बंदूकधारी माणूस लोकांचा मालक होता कामा नये, ही त्यांची भीती किती सार्थ होती हे पुढच्या काळाने दाखवून दिले.

मुक्त प्रदेशात एक वेगळेच राज्य उगवत होते. गावोगाव पाच जणांच्या समित्या निवडल्या गेल्या. त्यात किमान दोन स्त्रिया असाव्यात असा दंडक होता. भात, मेण, कातडी, कोला फळे घेऊन त्या बदल्यात कापड, मीठ, साबण, कुदळी देणारी जनतेची दुकाने निघाली. इथे भाव पेढी ठरवत नव्हती. ज्या वसाहतीत नव्याण्णव टक्के लोक निरक्षर होते, तिथे झाडाखाली शंभराहून अधिक शाळा भरू लागल्या. विमानांचा आवाज आला की मुले खंदकात उड्या मारत. दवाखान्यांत क्युबाचे डॉक्टर काम करत. सोव्हिएत संघाकडून शस्त्रे आली, स्वीडनकडून १९६९ पासून औषधे, शालेय साहित्य आणि अन्नाची मदत आली. मदत सर्वांकडून घ्यायची, पण कोणाची ताबेदारी पत्करायची नाही, हे पथ्य काब्राल यांनी पाळले. पकडलेल्या पोर्तुगीज सैनिकांपैकी काहींना त्यांनी रेड क्रॉसच्या मार्फत सोडून दिले. यशाच्या फुगवलेल्या बातम्या देणाऱ्या कार्यकर्त्यांवर ते चिडत. लोकांपासून काही लपवू नये, अडचणी आणि चुका उघड सांगाव्यात, हा त्यांचा शिरस्ता होता. खोट्या आकड्यांवर शेती चालत नाही तसा लढाही चालत नाही, हे त्यांच्यातल्या शेतगणकाला पक्के माहीत होते.

स्त्रियांच्या सहभागाचे सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे तितिना सिला. किशोरवयात चळवळीत आलेली ही तरुणी उत्तर आघाडीवर जबाबदारीच्या पदावर पोहोचली. तिचा शेवट मात्र काब्राल यांच्या शेवटाशी जोडला जायचा होता.

पोर्तुगालनेही सर्व ताकद पणाला लावली. एवढ्याशा देशात तीस हजारांहून अधिक सैनिक उतरवले, खेड्यांवर नापाम टाकले. १९६८ मध्ये आलेले गव्हर्नर जनरल आंतोनियू दे स्पिनोला यांनी एका हाताने बॉम्ब टाकत दुसऱ्या हाताने शाळा, घरे, रस्ते देऊ केले आणि पारंपरिक प्रमुखांना गोंजारले. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीज नौका थेट कोनाक्रीवर चालून आल्या. काब्राल त्या वेळी परदेशात होते म्हणून वाचले. बाहेरच्या जगात त्यांची प्रतिष्ठा वाढत होती. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांची अंगोला आणि मोझांबिकच्या नेत्यांसह भेट घेतली. कॅथलिक पोर्तुगालसाठी तो मोठा आघात होता. एप्रिल १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे पथक मुक्त प्रदेशात फिरून आले. त्याच वर्षी तिथे निवडणुका घेऊन राष्ट्रीय सभा निवडण्यात आली. स्वातंत्र्याच्या घोषणेची सिद्धता झाली होती.

२० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत, घराजवळच, काब्राल यांना गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या पत्नी आना मारिया त्या वेळी सोबत होत्या. मारेकरी परका नव्हता. इनोसेंसियू कानी हा पक्षाच्याच नौदलातील माणूस होता. केप व्हर्देच्या लोकांचे वर्चस्व गिनीतल्या लढवय्यांना सलत होते आणि ती सल पोर्तुगीज गुप्त पोलीस पद्धतशीरपणे चिघळवत होते. कटाची सूत्रे नेमकी कोणाकोणाच्या हाती होती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. दोन भूमी एकत्र बांधण्याचा ज्यांनी ध्यास घेतला, त्यांचा बळी त्या दोहोंमधल्या जुन्या भेगेनेच घेतला. दहा दिवसांनी, त्यांच्या अंत्यविधीसाठी निघालेली तितिना सिला नदी ओलांडताना पोर्तुगीज हल्ल्यात सापडली आणि मरण पावली.

नेता गेला, पण लढा थांबला नाही. २४ सप्टेंबर १९७३ रोजी मादिना दू बोए या मुक्त भागात गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. न जिंकता येणाऱ्या या युद्धाला विटलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधली हुकूमशाहीच उलथून टाकली. या बंडाची जुळवाजुळव करणाऱ्यांपैकी कित्येक जण गिनीत लढून आलेले होते. सप्टेंबर १९७४ मध्ये पोर्तुगालने गिनी-बिसाऊला मान्यता दिली. ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्दे स्वतंत्र झाले. गिनीच्या शेतकऱ्याने स्वतःबरोबर पोर्तुगालच्या शेतकऱ्यालाही मोकळे केले, असेच म्हणावे लागेल.

इथे चरित्र संपते, पण प्रश्न संपत नाही. लुईस काब्राल देशाचे पहिले अध्यक्ष झाले. थोरल्या भावाने आयुष्यभर ज्या खेड्याचा अभ्यास केला, त्या खेड्याकडे नव्या सरकारची पाठ फिरली. बिसाऊभोवती कारखान्यांची स्वप्ने रचली गेली. कुमेरे येथे उभारलेला भुईमूग आणि भातावर प्रक्रिया करणारा प्रकल्प तर देशाच्या एकूण पिकाच्या मानाने अवाढव्य होता. एके काळी भात निर्यात करणारा आणि युद्धात बांध उद्ध्वस्त झालेला देश भात आयात करू लागला. पोर्तुगीजांच्या बाजूने लढलेल्या अनेक आफ्रिकी सैनिकांना ठार मारण्यात आले. टंचाई आणि असंतोष यांच्या लाटेवर १४ नोव्हेंबर १९८० रोजी जोआव बेर्नार्दू व्हिएरा यांनी सत्ता बळकावली आणि दोन देशांच्या एकीकरणाचे स्वप्न कायमचे मोडले. १९९८-९९ मध्ये यादवी झाली, २००९ मध्ये व्हिएरा यांचीच हत्या झाली, २०१२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. कासाकाच्या परिषदेत ज्या बंदुकीला वेसण घातली होती, ती वेसण काब्राल यांच्यानंतर तुटली ती तुटलीच.

आणि शेतात? भुईमुगाची जागा काजूने घेतली. १९८० च्या दशकापासून काजूच्या बागा पसरत गेल्या. काजू देऊन बदल्यात आयात केलेला तांदूळ घ्यायचा, असा व्यवहार रूढ झाला. बी देशात फुटत नाही. ती भारतात आणि व्हिएतनाममध्ये फुटते आणि गराचा नफाही तिथेच राहतो. आज या देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात आहे आणि जगातील गरीब देशांत त्याची गणना होते. त्याच नेत्याला राष्ट्रपिता मानणारे, ना माती ना पाणी असलेले केप व्हर्दे मात्र स्थिर लोकशाही आणि शिक्षण यांच्या बळावर २००७ मध्येच अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडले. निसर्गाने कोणाला काय दिले यापेक्षा संस्था कशा टिकल्या याला महत्त्व आहे, हे सांगायला याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

२०२४ मध्ये काब्राल यांची जन्मशताब्दी झाली. बिसाऊच्या आमुरा किल्ल्यात त्यांची समाधी आहे, केप व्हर्देच्या साल बेटावरील विमानतळाला त्यांचे नाव आहे आणि २० जानेवारी हा दिवस दोन्ही देशांत वीरांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो. पुतळ्यांची वाण नाही. वाण आहे ती त्यांच्या पद्धतीची. आधी शेतात जा, मोजा, ऐका, मग बोला; आणि जे दिसेल ते सोयीचे नसले तरी खरे सांगा. ज्या देशातला शेतकरी स्वतःच्या ताटातला भात दुसऱ्याच्या काजूच्या भावावर सोडून बसला आहे, तिथे १९५३ ची ती शेतगणना अजून जुनी झालेली नाही. आपल्या हातातली काजूची बी फोडताना, तिच्यामागे एका माणसाने दिलेला हा इशारा आहे, एवढे तरी आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.